पिकपखाली बाबा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

परत ऑइल काढलं! परत!

सकाळी बर्फ फोडायला अंगणात गेले तर पिकपखालून दोन पाय बाहेर आलेले. सासऱ्यांचे. शेजारी घमेलं, घमेल्यात काळंभोर ऑइल आणि आतून बाबांचा आवाज, "चारू, डबा दे गं." कसला डबा? तो मागच्याच वेळी ओतून संपवला यांनी. मी म्हटलं, "बाबा, पंधरा दिवसांपूर्वीच बदललंत ना?" तर घमेल्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बघ, डांबर झालाय. पंधरा दिवसांचा असतो असला?"

इथेच सगळं अडतं. डिझेल गाडीचं ऑइल आज घातलं की उद्या-परवा काळं. रंग दाखवून कोण कोणाला पटवणार!

ललित बंदरावरून आला, बापाने भरलेल्या घमेल्याकडे बघितलं आणि तसाच मागे वळला. शेजारच्यांची मोटरसायकल मागून बोईसरला गेला नवा डबा आणायला. तोवर मासळी बर्फात आणि मी मासळीच्या राखणीला.

१५ ऑक्टोबर

चहा पिताना बाबा — "पिकपचा ऑइल बदलायला पायजे. लई दिवस झाले."

१८ ऑक्टोबर, शनिवार

त्या दिवशी फार चिडले होते. आज जरा शांतपणे लिहिते.

बाबांची चूक म्हणावी तर म्हणवत नाही. त्यांचा सगळा जन्म बोटीवर गेला. बोटवाल्यांचं गणित वेगळं. उधाणाला समुद्रात, आणि अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर उतरला, भांग लागला, की बोट किनाऱ्याला आणि माणसं इंजिनाला. ऑइल, पट्टे, नळ्या, काय असेल ते भांगात. (लग्न होऊन वाणगावहून इथे घिवलीला आले तेव्हा मला भांग म्हणजे केसांतलाच ठाऊक. "बाबा भांगाची वाट बघतात" ऐकून मी किती हसले होते!) बोट विकली, पिकप घेतली, तेव्हा ललितने सगळं समजावून दिलं होतं. पिकपला दिवस नाही, किलोमीटर. कंपनीच्या पुस्तकात दहा हजार लिहिलेत, पण आपण लिलावाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहतो, रस्ते असे, म्हणून बोईसरचा गॅरेजवाला निमेश सांगतो, सातावर बदला. बाबांना ते व्यवस्थित कळलं होतं. दोन वर्षं एकदाही चुकले नाहीत. गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नाही ती त्यांच्यामुळे.

फिल्टरचं काम तर फक्त तेच करत. त्या गाडी बनवणाऱ्यांना कुठे बसवावा एवढीही अक्कल नाही! इंजिनाच्या मागे, आडव्या लोखंडाच्या वर, दिसतच नाही. डोळ्यांनी नाही, हातानेच शोधायचा. ललितचा हात कोपरापाशी अडकतो. बाबांचा हात काठीसारखा, सरळ आत जातो. "माज्या हाताच्या मापानंच ठेवलाय," म्हणायचे.

आता किलोमीटर विसरले. भांग तेवढा लक्षात राहिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार — भाऊबीज

नणंद आल्या होत्या, मंदाताई, पालघरहून. ओवाळणं झालं, जेवणं झाली. बाबांनी त्यांना तीनदा विचारलं, "तू कधी आलीस?" तिसऱ्यांदा त्या उठून मोरीत गेल्या तोंड धुवायला. परत आल्या तेव्हा डोळे लाल.

जाताना मला म्हणाल्या, "चारुता, माझ्याकडे पाठव त्यांना. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. एखाद्या दिवशी जॅक सरकला म्हणजे?" बाबांनी ऐकलं. "तुज्या तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? वारा कुठनं येतो ते पण कळत नाय तिकडं."

ललित म्हणाला, नाही, बाबा इथेच राहतील. मला बरं वाटलं. आणि मंदाताईंचं जॅकचं म्हणणंही पटलं. दोन्ही खरं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भांग. विसरले होते मी! बाबा कसे विसरतील?

आज ललितच्या समोरच. तो आंघोळ करून येईपर्यंत बाबांनी खालचा नट काढून सगळं ऑइल घमेल्यात सोडलं होतं. ललितने त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं. पाठ खरचटली त्यांची. मी ओरडले तर माझ्यावरच डाफरला.

मग म्हणाला, ऑइल गेलंच आहे तर फिल्टरही आज मीच बदलतो, म्हणजे विषय संपला, पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी खाली जायचं नाही. चाक काढलं. तासभर त्या भोकात हात घालून शिव्या देत होता. बाबा ओटीवर बसून, "सरक रे. माजा हात जातो. सरक तू." शेवटी ललित केवढ्याने ओरडला, "तुमी बसा!" शेजारणी बाहेर आल्या बघायला.

झालं एकदाचं. ललितच्या मनगटाची सालं निघाली. हळद लावायला गेले तर हात झटकला. बाबा जेवले नाहीत. दोघांच्या मध्ये मी. कोणाला काय बोलू?

२ नोव्हेंबर, रविवार

पाने, जॅक, सगळं तांदळाच्या पिंपात लपवलं. ललितचीच कल्पना. बाबा दिवसभर शोधत होते. खाटेखाली, जाळ्यांच्या ढिगात, परसात. आम्हाला एकदाही विचारलं नाही. रात्रीच्या भाताला तांदूळ काढताना ते माझ्या मागेच उभे होते. मी पिंपाचं झाकण अर्धंच उघडलं. इतकी लाज वाटली स्वतःची!

७ नोव्हेंबर

पालघरच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणे, आहे ते टिकवायला. गेलेलं परत येत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंजिन गेलं.

सालवडच्या अलीकडे. ऑइलचा लाल दिवा दिसेपर्यंत आतून खडखड सुरू झाली होती, मग जाम. मागे रस्त्यावर लांबच लांब तेलाची रेघ. निमेश येऊन खालून बघून गेला. म्हणाला, फिल्टरपाशी तेल उसळलंय, ढिला झाला असणार, खोलल्यावर बघू. गाडी ओढून त्याच्या गॅरेजात नेली. मासळी तिथेच रस्त्यावर मिळेल त्या भावाने गेली. उरलेली गटारात टाकली.

ललित घरी आला तो सरळ बाबांसमोर. "फिल्टरला हात लावला होतात का?"

आणि मी बोलून गेले. सकाळी मी त्यांना गाडीखालून बाहेर येताना बघितलं होतं. पाने नाहीत जवळ म्हणून काही बोलले नव्हते, फक्त हात धुवायला साबण दिला. हात कोपरापर्यंत काळे. भांग आहे आज, हे तेव्हाही डोक्यात आलं होतं. ते सगळं मी ललितला सांगितलं. खोटं काय बोलले? काहीच नाही.

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. उलटे करून, सुलटे करून. मग म्हणाले, "केला असल मी."

"असल म्हंजे? केला का नाय?"

"आठवत नाय रे. पण हात काळे होते म्हनते ना ती. मंग मीच."

ललित बाहेर निघून गेला. त्याने दोन ठेवून दिल्या असत्या तरी मला एवढं लागलं नसतं. बाबांनी भांडायला हवं होतं. पूर्वीचे बाबा असते तर गावभर तमाशा केला असता!

१३ नोव्हेंबर

 रिकाम्या अंगणात तेलाचा डाग. बाबा त्याला वळसा घालून जातात.

१६ नोव्हेंबर, रविवार

इंजिन पूर्ण खोलावं लागणार. निमेशकडे रांग आहे, आपला नंबर पुढच्या आठवड्यात. तोवर ललित दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जातोय. स्वतःची गाडी असलेला माणूस! घरी येतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

आज दुपारी बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं. उशीखालून एक पाना काढला, चिंधीत गुंडाळलेला, बोटीवरचा जुना. पिंपात सगळे पाने गेले तेव्हा हा राहिला होता वाटतं. ललितच्या हातात दिला. "हा पण घे. माजा माज्यावर भरवसा नाय राहिला. मला मंदाकडं पोचव."

ललितने पाना घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की बघ, मी म्हणत नव्हतो? मीही मान हलवली. पाना होता म्हणजे केलंच असणार. आणखी काय पुरावा पाहिजे?

बाबांना "नका जाऊ" म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात जॅक आठवला, ती पाठ आठवली. उठून त्यांची पिशवी काढली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गेले. मंदाताईंचे मिस्टर गाडी घेऊन आले होते. सामान म्हणजे एक पिशवी. सुके बोंबील बांधून दिले, तर म्हणाले, "तिकडं वास येतो म्हनतील, राहू दे." शेवटी मीच पिशवीत तळाशी कोंबले.

गाडीत बसताना दाराला हात लावायच्या आधी जावयाला विचारलं, "लावू का हात?"

अख्खं गाव ज्यांच्याकडे इंजिन घेऊन यायचं तो माणूस. ललित ते ऐकून घरात निघून गेला. मला दारात उभं राहणं भाग होतं. गाडी वळेपर्यंत हसून हात हलवला आणि मग ओटीवरच बसले, भांडी तशीच टाकून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मंदाताईंचा फोन. जेवण बरं आहे म्हणे, मासळी तेवढी खात नाहीत, "शिळी" म्हणतात. (शिळीच असणार! पालघरला पोचेपर्यंत आमच्याकडची मांजरंही तोंड लावणार नाहीत.) संध्याकाळी खाली फिरायला नेलं की गाड्या लावतात तिथून जात नाहीत, भिंतीच्या कडेकडेने लांबून जातात. ताईंना वाटतं, घसरायची भीती असेल.

मी काही सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

घर मोठं वाटतंय. सकाळी दोन कप चहा जास्त टाकला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निमेशने आज इंजिन खोललं. ललितला बोलावून घेतलं, मीही गेले. फिल्टर ढिला नव्हताच. घट्ट होता, पाना लावून पिळून काढावा लागला. पण त्याच्याखाली जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला तसंच चिकटलेलं. ते न काढता वर नवा बसवलेला, रबरावर रबर. असं कधी कधी दोन आठवडेही टिकतं म्हणे, आणि एक दिवस सुटतं. तिथे डोळ्यांना दिसत नाही ना.

निमेशने विचारलं, "शेवटचा फिल्टर कोणी बसवला होता?"

ललित खाली बसला, तिथेच, ऑइलमध्ये.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पालघरला गेलो. ललितने बाबांचे पाय धरले. "तुमी नाय केलं बाबा. मी केलं. चला घरी." मीही सांगितलं. मोबाइलवर दोन रबरांचा फोटो दाखवला.

बाबांनी फोटो बघितला, मग ललितच्या डोक्यावर हात ठेवला. "तू लई चांगला हायस. बापासाठी आपल्या अंगावर घेतोस. पण माजे हात काळे होते रे."

किती सांगितलं! हात जोडले त्यांनी आम्हाला. आले नाहीत.