माझ्या आवाजातली जाहिरात

जयनगर, बेंगळुरू
१२ नोव्हेंबर

चि. सौ. ईरास,
अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, दुरुस्त करून घेतला. तुझ्या कढीपत्त्याला पाणी घालते. शुभंकर ऑफिसात खातो म्हणतो. खातो की नाही, देव जाणे. तू सुखदाकडे वेळेवर जेवतेस ना? मैत्रिणीच्या घरी संकोच करत बसू नकोस.

फोन करत नाही, कारण माझा आवाज तुला नको झाला असेल. मलाही झालाय.

काल त्या एफएमवाल्यांकडे जाऊन आले. ‘सासूबाईंचं एक मिनिट’ची ती जाहिरात बंद करा, म्हटलं. हर्षिता नावाची मुलगी होती, तुझ्याच वयाची. “अम्मा, तुमचा आवाज सुपरहिट झालाय! अजून कोणी एवढं हसवलं नाही,” असं म्हणून तिने मला कॉफी दिली. आयुष्यभर मी वर्गात मुलींना उभं केलं. काल मला बसवेना.

मी ठरवून केलं असं तुला वाटत असेल. नाही. सासवांनी सुनेच्या तक्रारी सांगायच्या त्या कार्यक्रमाला फोन लावला तेव्हा, तू ओला टॉवेल पलंगावर टाकतेस, एवढंच सांगणार होते. सांगितलंही. तो निवेदक मंजुनाथ नुसता “सरी, सरी अम्मा” म्हणत हो ला हो करत राहिला. हसला नाही. आता फोन ठेवणार असं वाटलं, म्हणून मी डब्याचं सांगितलं. नोकरी गेली तरी सून गळ्यात ओळखपत्र अडकवून, मी भरलेला डबा घेऊन निघते आणि बेळ्ळंदूरच्या मॉलमध्ये एकटी बसून खाते. तेव्हा तो हसला. “अम्मा, सूपर!” म्हणाला. मग मी थांबलेच नाही. संध्याकाळी शुभंकरसमोर मी विचारते, “आज साहेब काय म्हणाले?” आणि तू काहीतरी बनवून सांगतेस, त्याची मी नक्कल केली.

हे तू फक्त मला सांगितलं होतंस. शुभंकरला नाही, पुण्याला तुझ्या आईलाही नाही.

तुला कन्नड येत नाही, या भरवशावर होते. शुभंकर रेडिओ लावत नाही. नाव घेतलं नाही, मग कळणार कुणाला? त्यातलाच तुकडा जाहिरात म्हणून रोज दिवसभर वाजवतील हे ध्यानात आलं नाही.

चिकपेटला जाताना रिक्षात ती लागली. रिक्षावाला हसत सुटला, “काय सून आहे, अम्मा!” तेव्हा मी पुढे वाकून त्याला काय म्हणाले, ते तू ऐकलंस. तरी लिहिते, माझ्या हाताने लिहायला हवं. “ती सासू मीच,” म्हणाले. ईरा, मी मिरवलं. तू शेजारी बसली होतीस.

“इल्ले निल्सी, अण्णा,” म्हणून रिक्षा थांबवलीस आणि भर रस्त्यात उतरलीस. तू कन्नड शिकत होतीस, हे एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

शुभंकर माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावरही रुसलाय, आधी आईला का सांगितलं म्हणून. त्याला म्हटलं, चिडायचं तर माझ्यावर चीड. भरवसा चुकीच्या माणसावर टाकला, एवढंच तिचं चुकलं.

हर्षिताने तोडगा काढलाय. सासू-सुनेची रेडिओवर दिलजमाई. मी स्टुडिओत, तू फोनवर, दोघींनी थोडं रडायचं. मग जुनी जाहिरात काढतील. तुझा नंबर मागितला. दिला नाही. माझ्या माफीचाही कार्यक्रम करायचा आणि तुला पुन्हा गावासमोर बसवायचं, हे मला जमणार नाही. तेव्हा ती जाहिरात महिनाअखेरपर्यंत वाजणार. ते थांबवणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

त्यांनी कुठून शोधून तुला फोन केलाच, तर नंबर मी दिलेला नाही. माझं दुसरं काही मानू नकोस. एवढं मान.

परत ये, म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही.

तुझी अपराधी,
प्रतिमा