डॉटीची डोलकाठी

प्रिय केरिन,

फोन करावा असं दोन-तीनदा मनात आलं. पण फोनवर मी एकतर भांडते नाहीतर रडते, आणि या वेळी मला दोन्ही नकोय. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले आहे. नवरोबा ग्रॅहॅम बाहेर गवत कापतोय, त्यामुळे घर माझ्या एकटीचं आहे.

बाबा बरे आहेत. म्हणजे इस्टरच्या आधी जे झालं, त्या मानानं बरे. ते पुढे सांगते. तिकडे तळ्याकाठी, बाबांच्या पेन्सव्हिलमध्ये गर्दी ओसरली. सुट्टीवाल्यांनी घरं बंद केली, धक्क्यावर आता पेलिकन पक्षी आणि बाबांचा दोस्त मॉरी एवढेच उरलेत. मी एक दिवसाआड बेर्न्सडेलहून गाडी काढते. बाबांना सूप नेते, गोळ्या डबीत भरते, पायाची नखं कापते. ते पाय पुढे करतात आणि रेडिओ ऐकत बसतात. मी आले की रेडिओचा आवाज थोडा कमी होतो. तुझा फोन आला की रेडिओ बंद होतो! फोन घेऊन ते व्हरांड्यात जातात आणि दार ओढून घेतात. काचेतून मला दिसतं, त्यांचा हात वर जातो, खाली येतो, हवेत काहीतरी धरल्यासारखा करतो, जणू तू समोरच उभी आहेस. गेल्या हिवाळ्यापासून हे चाललंय. आत आले की मी विचारते, "काय म्हणते केरिन?" "काही नाही गं, असंच." असंच! माझ्याशी ते आयुष्यात कधी "असंच" बोलल्याचं मला आठवत नाही.

हो, मी जळते तुझ्यावर. लिहूनच टाकलं. लहानपणापासून जळते. बाबांनी गवताच्या शेडमध्ये ती होडी बांधली तेव्हा रंधा मी मारून दिला होता, आणि तू शेवटी येऊन रंगाच्या डब्यात हात बुडवलास, तर घरभर तुझंच कौतुक. होडीला त्यांनी आपल्या सगळ्यात दुधाळ गाईचं नाव दिलं तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, निदान गाईवर तरी जीव आहे." तुला हसू येईल, पण मी तेव्हा डॉटी गाईवरसुद्धा जळत होते.

आणि ती डोलकाठी. दर जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, गाईंच्या धारा शेजाऱ्यांवर सोपवून आपण डॉटीला ट्रेलरवर घालून तळ्यावर न्यायचो. होडी पाण्यात सोडायच्या उतारापाशी पोचलो की बाबा होडीच्या मागच्या बैठकीवर चढून उभे राहायचे. डोलकाठीचं बूड बिजागरीत, बाकीची आडवी, टोक ट्रेलरच्या मागे लोंबतंय. ती खांद्यावर घेऊन ते एकेक पाऊल पुढे सरकायचे आणि पुढच्या टोकावर उभी राहून दोर ओढायची तू. तू धाकटी, तू हडकुळी, तरी तूच. "चल गं माझी वाघीण, उठव तिला!" आणि डोलकाठी ताठ उभी राहिली, पुढची तार खिळीत बसली, की बाबा डोलकाठीकडे बघायचे नाहीत, तुझ्याकडे बघायचे. मी खाली जमिनीवर. माझं काम दोन्ही बाजूंच्या तारा कुठे अडकत नाहीत ना एवढं बघायचं. आई म्हणायची, "तेही कामच आहे, नॅरेल." पण आईला तसं सांगावं लागायचं, यातच सगळं आलं. पुढे मला गाडी चालवता यायला लागली, तर बाबा म्हणाले, "नॅरेल, ट्रेलर लावून ये जा." मी ट्रेलर लावून येईपर्यंत तुम्ही दोघं पाण्यात असायचा.

मग तू रॉडशी लग्न करून पर्थला गेलीस, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. मला वाटलं, आता जागा रिकामी झाली. पण रिकाम्या जागेशी कुणाला भांडता येतं का? तू नव्हतीस तेव्हा तर जास्तच होतीस. माझं सूप चाखून ते म्हणणार, "केरिन यात मिरी जास्त घालते." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तशी माझी गत.

तर इस्टरच्या आधीचं. बाबांनी ठरवलं, डॉटी पाण्यात घालायची. मी म्हटलं, "ऐंशी उलटली तुमची." "मग तू बस घरी. मी मॉरीला बोलावतो." मॉरीचा एक गुडघा डॉक्टरनं बदललेला आणि दुसरा देवाच्या भरवशावर, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मीच गेले. सुट्टीचे लोक आलेले, उतारावर मागे गाड्यांची रांग, पश्चिमेचा वारा सुटलेला. बाबा शिडीनं वर चढले, बैठकीवर उभे राहिले आणि म्हणाले, "जा, दोर घे." केरिन, पन्नाशी उलटल्यावर मला ती जागा मिळाली. हसू नकोस, पण मी दोर दोनदा हाताला गुंडाळून पाहिला.

त्यांनी खांदा दिला, मी ओढलं. निम्मी वर आली. आणि बाबा ओरडले, "ओढ, केरिन! ओढ, माझी वाघीण!"

दोर सोडून द्यावा असं क्षणभर वाटलं. सोडला नाही. ओढला. पण डोलकाठी वर येईना, एका अंगाला झुकायला लागली. एका बाजूची तार होडीवरच्या झाकणाच्या कोपऱ्यात अडकली होती आणि वरून वारा तिला दाबत होता. बाबांचा खांदा त्याखाली दबत चाललेला मला समोर दिसत होता. धक्क्यावरून मॉरी बाबांवर ओरडला, "हेक, खाली घे रे, मरशील!" बाबा ऐकतायत कुठले! मी दोराला खुंटीवर दोन वेढे मारले आणि ओरडले, "बाबा, हलायचं नाही! खांदा तसाच ठेवा! मी सांगेपर्यंत एक पाऊल टाकायचं नाही!" असा आवाज मी त्यांच्यावर कधी चढवला नव्हता. ते हलले नाहीत. मी कडेकडेनं रांगत गेले, तार लाथेनं मोकळी केली, परत आले आणि सगळं वजन मागे टाकून ओढलं. उभी राहिली. खीळ बसवली तेव्हा तळहाताची सालपटं निघाली होती.

बाबा मटकन खाली बसले. चेहरा राखेसारखा. श्वास लागला तशातही हसत म्हणाले, "केरिनच्या वेळी कधी तार अडकली नाही गं."

"कारण तार बघायला मी असायचे!" मी किंचाळलेच. रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी ऐकलं. मॉरी आपल्या बुटांकडे बघायला लागला.

आम्ही डॉटी पाण्यात सोडली, शीड न लावता मोटरवरच हळूहळू निघालो. रेमंड बेट मागे पडलं, काळे हंस बाजूला झाले, आणि बाबांनी थर्मासमधला पहिला चहा माझ्या हातात दिला. नंतर म्हणाले, "ही होडी मी केरिनला देणार आहे. तिला तसं लिही. मी फोनवर सांगितलं तर नको म्हणेल."

चहा मी तसाच खाली ठेवला. मी म्हटलं, "मी तुमचं काय घोडं मारलंय, बाबा? एवढं वर्षानुवर्षं करते..." ते म्हणाले, "तुला मी मिळालोय की, नॅरेल. रोजचा. तिच्याजवळ कोण आहे?"

आणि मग त्यांनी सांगितलं. रॉड घर सोडून गेलाय. गेल्या हिवाळ्यातच. संध्याकाळी त्या रिकाम्या घरात तुला बसवत नाही, मग तू फोन करतेस आणि तुला बोलताही येत नाही. तेव्हा बाबा तुला विचारतात, "आधी काय, केरिन?" तू म्हणतेस, "आधी बिजागरीची खीळ." "मग?" "मग तारा मोकळ्या." असं करत करत तुम्ही दोघं फोनवर डोलकाठी उभी करता, रोज, पहिल्यापासून, आणि ती उभी राहिली की तू जरा शांत होतेस. काचेतून मला दिसायचा तो हात डोलकाठी उचलत होता!

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खोटं कशाला सांगू, त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की मला का नाही सांगितलंस? तुझं दुःखसुद्धा बाबांच्याच वाट्याला? घरी आल्यावर बाबांना घेरी आली, म्हणून दवाखान्यात नेलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. आता औषधावर ठीक आहेत, ॲपल पाय मागून खातात, पण काहीही उचलायचं नाही, शिडी चढायची नाही, आणि लांबचा प्रवास तर नाहीच.

तर होडी तुझी झाली, हे मला लिहायला सांगितलं होतं, लिहिलं. बाबांना वाटतंय पत्रात एवढंच आहे. पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. डॉटी त्या दिवसापासून मॉरीच्या धक्क्याला बांधली आहे, डोलकाठी तशीच उभी. हिवाळी वारे सुरू व्हायच्या आत ती उतरवायला हवी, आणि उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड; सगळा भार अंगावर येतो. ग्रॅहॅम म्हणाला, मी येतो. मॉरी म्हणाला, दोन माणसं आणतो, चुटकीसरशी होईल. मी दोघांनाही नको म्हटलं आणि का ते सांगितलं नाही. तू ये, केरिन. विमानाचं बघ आणि ये. आमच्याकडे मागची खोली मोकळी केली आहे, बाबांकडे नको, माझ्याकडे उतर. रॉडबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही, आणि न राहवून विचारलंच तर उत्तर देऊ नकोस. माझं तुझ्यावर जळणं काही थांबणार नाही, या वयात ते कसलं थांबतंय. पण डोलकाठी उतरवायला दोन माणसं लागतात, आणि मला दुसरं कुणी नकोय.

अजून थोडी रागावलेली, पण तुझीच,
नॅरेल