शांतानं बंद केलेली गोळी

मानखुर्द,
३ नोव्हेंबर २०२४

चि. शांता हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र तुला आहे तसं चारकोपच्या तुमच्या महिला मंडळालाही आहे, तिथे मोठ्यानं वाच. बायांनो, तुम्ही दवाखान्यात तासन्‌तास बाकावर बसता. आत गेलात की डॉक्टर मान वर न करता मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून देतो. पाय दुखतात म्हटलं की वय झालं म्हणतो. तुमचं दुखणं तुमच्या तोंडून ऐकायला कुणाला वेळ नाही. हा अपमान आहे, आणि तो आपण मुकाट्यानं गिळतो.

शांता, गेल्या रविवारी माझ्याकडे आलीस तेव्हा जिन्यात मांड्या धरून खाली बसलीस. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकल्यापासून तुला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. मी त्यावर पुष्कळ वाचलं. ती गोळी यकृतात कोलेस्टेरॉल बनू देत नाही, पण त्याच वाटेवर स्नायूंना ताकद पुरवणारा एक पदार्थही कमी करते. आणि हृदय म्हणजे तरी काय? स्नायूच. आपल्या तेजलनं तिच्या प्रयोगशाळेतला व्हिडिओ दाखवला ना, काचेच्या बशीत धडधडणाऱ्या हृदयाच्या पेशी? हेच औषध घातल्यावर त्या मंद होत होत थांबल्या. तुझ्याच पोरीनं केलेला प्रयोग आहे. याहून मोठा पुरावा कोण देणार?

बंद कर ती गोळी. मला फोनवर धड ऐकू येत नाही, तेव्हा उत्तर लिहूनच पाठव.

तुझ्या पायांची काळजी वाहणारा,
शिवदासदादा


चारकोप,
८ डिसेंबर २०२४

ति. दादास,
शांताचा जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मंडळात वाचलं. समोर नसूनही सभा जिंकलीस. एकजण म्हणाली, तुमच्या भावाला निवडणुकीला उभं करा. मी म्हटलं, आधी त्याला कानाचं मशीन लावायला सांगा, लोक काय मागतात ते तरी कळेल.

गोळी सोडून महिना झाला. झकास वाटतंय रे! मांड्या हलक्या झाल्या. परवा भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला न थांबता चढले. डॉक्टरला सांगितलं होतं, तो म्हणाला वय. तेजूला सांगितलं, ती म्हणाली कॅल्शियम घे. ऐकलंस ते तू एकट्यानं.

तेजूला मात्र कळू दिलेलं नाही. रोज पट्टीतली एक गोळी काढते आणि मोरीत टाकते. ती पोरगी सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या पेशींना खाऊ घालायला धावते. मी गमतीनं म्हटलं, मलाही एका बशीत ठेव, म्हणजे रोज बघशील तरी. रुसली. असू दे, गुणाची आहे.

शेजारच्या रत्नप्रभावहिनी मंडळात पत्र ऐकायला होत्या, त्यांनीही आपली तीच गोळी बंद केली. त्यांना तर मागच्या वर्षी झटका येऊन गेलाय. पण माझं चालणं बघून म्हणाल्या, माका पण धीर इलो.

मुगाचे लाडू पाठवतेय. माझ्या वहिनीला दोन दे, सगळे एकटाच चापू नकोस.

तुझीच,
शांता


चारकोप,
१९ जानेवारी २०२५

ति. शिवदासमामांस,
तेजलचा जयभीम.

आई अजून आयसीयूत आहे. काल तुम्ही बाहेर बसून होतात आणि मी तुमच्याशी बोलले नाही. बोलले असते तर तुम्हाला ऐकू येण्यासाठी ओरडावं लागलं असतं, आणि मग मला थांबता आलं नसतं. म्हणून लिहिते.

मंगळवारी भाकऱ्या थापता थापता ती ओट्यावर कोसळली. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग मेला आहे. तिथला स्नायू पुन्हा उगवत नाही. उरलेला जेवढं ढकलेल तेवढंच रक्त पुढे जाणार. डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा मी ठामपणे सांगितलं, सगळी वेळेवर घेते. शुद्धीवर आल्यावर तिनंच मान हलवून नाही म्हटलं आणि गोळीचं सगळं सांगितलं.

मामा, मी त्या बशीत औषध किती घातलं होतं हे तुम्ही विचारलंच नाहीत. गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पोचतं त्याच्या शेकडो पट. पेशी कुठे मोडतात तेच आम्हाला बघायचं होतं. तुम्ही वाचलेलं खोटं नाही. काहींचे स्नायू खरंच दुखतात, तो पदार्थ कमीही होतो. पण नेहमीच्या मात्रेत या गोळीनं माणसाचं हृदय दुबळं होतं असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर फुटू नये म्हणून तीच राखण करते. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण ती राखण आपण काढून घेतली. आणि दुखण्यावर इलाज होता. रक्ताची एक तपासणी, मग कमी मात्रा, नाहीतर दुसरी गोळी. तिला तो कुणीच दिला नाही.

मला तुम्हाला खूप बोलायचं होतं. पण ती नळ्यांमधून कशीबशी म्हणाली, "दादाला ओरडू नकोस. त्यानं ऐकलं तरी."

येणार असाल तर सकाळी या. तेव्हा ती जागी असते.

तेजल


मानखुर्द,
१६ फेब्रुवारी २०२५

श्रीमती रत्नप्रभावहिनी यांस,
स. न. वि. वि.

शांता गेल्यानंतरच्या जलदान विधीला तुम्ही आलात, शेवटच्या रांगेत बसलात. निघताना मी तुम्हाला गोळीचं विचारलं. अजून बंदच आहे म्हणालात. पुन्हा सुरू करा म्हटलं, तर तुम्ही माझ्या कानाशी येऊन सांगितलंत की शिवदासभाऊ, त्या पत्रात तुम्ही इतकं पटवून दिलंत की आता उलटं सांगता ते मनाला लागत नाही.

आयुष्यभर सभा गाजवल्या, पण असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. माझे शब्द शांताच्या घरात शिरले आणि आता तुमच्या घरात बसले आहेत. ते मला परत बोलावता येत नाहीत. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या सांगण्यावरून गोळी सुरूही करू नका. मी डॉक्टर नाही, हे मला बहीण गेल्यावर कळलं.

पण ज्यानं तुमचं दुखणं ऐकलं नाही त्याच्यावरचा माझा राग खरा होता, आजही आहे. त्या रागानं मी शांताला दवाखान्याच्या दारापासून परत फिरवलं. तिला हाताला धरून आत न्यायला हवं होतं. तुमच्याबरोबर तेजल येते म्हणाली आहे. मी तिला सांगितलं नव्हतं, ती स्वतःहून म्हणाली. माझ्याशी ती अजून जेमतेम बोलते, तरी म्हणाली.

वहिनी, पत्र मिळताच तेजलबरोबर दवाखान्यात जा. गोळी कधीपासून बंद आहे ते सांगा, ती घेताना काय दुखत होतं तेही सांगा, आणि डॉक्टर मान वर करून दोन्हींचं उत्तर देईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

आपला,
शिवदास