तोगाशी मॅडमना टिपण्याची तयारी

३ ऑक्टोबर, सोमवार
आज बोर्डावर बढत्यांची यादी लागली. डिस्पॅच सेक्शनच्या प्रमुख म्हणून तोगाशी मॅडम. वय एकोणचाळीस. माझं त्रेपन्न. मला वाईट वाटलेलं नाही. मुद्दाम लिहून ठेवतोय, नंतर कुणी काही म्हणायला नको. सार्डिनचे डबे वेळेवर ट्रकात चढवणं हे काम काय, कुणीही करेल. मी एकवीस वर्षं करतोय.
घरी काझुएला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. हुशार आहे ती."
बायकोला ऑफिसातलं काही कळत नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधला इसोबे सांगत होता. आमचा सेक्शन दर जानेवारीत डोंगरातल्या मैदानावर जाऊन लुटुपुटीची लढाई खेळतो. खेळण्यातल्या बंदुका, मटाराहून लहान प्लास्टिकचे छर्रे. मी आजवर कंबरेचं कारण सांगून टाळत आलो. तोगाशी मॅडम म्हणे सहा वर्षं कॅप्टन आहेत. "मॅडम दिसतच नाहीत हो काका! पाठीत टप्पकन छर्रा बसला, की समजायचं येऊन गेल्या."
मी म्हणालो, यंदा मी येणार.
इसोबेचा घास हवेतच थांबला. "तुम्ही? आणि कंबर?"
कंबर उत्तम आहे. निश्चय: जानेवारीत मॅडमना टिपायचं, सगळ्यांसमोर, एका पिस्तुलाने. लांब बंदुका भित्र्या लोकांसाठी असतात. नेमबाजी माझ्या रक्तात आहे. एकोणिसाव्या वर्षी जत्रेत बुचाच्या बंदुकीने मी चिनीमातीचा बेडूक पाडला होता. पहिल्या बारा गोळ्या वाऱ्याने वाकड्या गेल्या, ते सोडा.

१५ ऑक्टोबर, शनिवार
पिस्तूल घेतलं!
स्टेशनमागच्या दुकानात सुगाया आजोबा बसतात. वय ऐंशीच्या घरात, चष्मा कपाळावर. मी सांगितलं, गॅसवर चालणारं, उत्तमातलं दाखवा. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. खेळणार कधी? हात दाखवा. मारायला हवंय की मिरवायला?
मी म्हणालो, जानेवारीत. हात दाखवला. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज वाटली नाही.
त्यांनी एक छोटं, काळं, मुकं पिस्तूल पुढे केलं. याचा वरचा भाग हलत नाही, आवाज कमी, गॅस कमी लागतो, थंडीतही बऱ्यापैकी चालतं. "पहिलं म्हणून हेच घ्या. गॅस थंडीत आळसावतो बरं का. आणि तुमचे हात लहान आहेत."
लहान हात म्हणजे चपळ हात. आजोबांना तसंच म्हणायचं असणार.
पण शेजारच्या काचेत ते होतं. लांब नळी, जाड मूठ, चाप ओढला की वरचा भाग खाडकन मागे येऊन पुन्हा पुढे जातो. हातात घेतलं तर मनगट खाली गेलं. चापापर्यंत बोट नीट पोचत नाही, पण सवय होईल. हेच द्या म्हणालो. आजोबा म्हणाले, "सुंदर आहे. जुलैत फार छान चालतं."
जुलैत चालतं म्हणजे चालतंच की.

१६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी १०
सोबत चाळीस पानांचं माहितीपत्रक आहे. मी माहितीपत्रकं वाचत नाही, यंत्राशी थेट बोलतो.

१६ ऑक्टोबर, सकाळी १०.२५
माहितीपत्रक वाचलं. मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या छर्रे-गॅसच्या नळकांड्यात, गॅस भरताना गॅसचा डबा उलटा धरायचा असतो. सरळ धरला तर सगळा बाहेर फवारतो. तीन बोटं पांढरी पडून बधिर झाली.
पहिला बार मात्र काय वाजला! खाड्! वरचा भाग मागे आला आणि अंगठ्याखालची कातडी चावून गेला. मूठ फार वर धरू नये, असं पान सातवर आहे. मी पान सहापर्यंत आलो होतो.
काझुएने पट्टी लावली. म्हणाली, "समोरच्याला मारतात ना यानं?"

५ नोव्हेंबर, शनिवार
रोज अर्धा तास सराव, असा निश्चय होता. गेल्या तीन आठवड्यांत एकूण पन्नास मिनिटं भरली. पण दर्जेदार.
कोठीच्या खोलीत सार्डिनचा रिकामा डबा ठेवून पाच पावलांवरून पंचवीस बार काढले. तीन लागले. बाकीचे बावीस अगदी जवळून गेले, म्हणजे दिशा पक्की आहे. नळीजवळ एक बारीक चकती असते, ती फिरवली की छर्रा जास्त लांब सरळ जातो. मी जरा सढळ हाताने फिरवली. छर्रा निघाला तो उड्डाण केल्यासारखा वर गेला आणि दिव्याची काच तडकली.
काझुएची तक्रार: तांदळाच्या डब्यात छर्रे, सपातांत छर्रे, काल तर मिसो सूपमध्ये एक तरंगताना सापडला. मी म्हटलं, हे मातीत विरघळणारे छर्रे आहेत, पर्यावरणाला धोका नाही. ती म्हणाली, "मी पर्यावरण नाही."

२१ नोव्हेंबर, सोमवार
तोगाशी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. येताय असं ऐकलं, आनंद वाटला म्हणाल्या. "माझी जुनी बॅटरीवरची बंदूक पडून आहे, नेमोतोसान. थंडीचा तिला काही त्रास नसतो. हवी तर देते."
नको म्हणालो. मग इसोबेला कानात सांगितलं, मॅडम घाबरल्यात. तो म्हणाला, "असं होय." पोराला निरीक्षण कमी आहे.

४ डिसेंबर, रविवार
अंगणात सराव. बाहेर तीन अंश. पहिला बार: खाड्. दुसरा: खड. तिसरा: फुस्स. चौथ्याला नळीतून छर्रा निघाला आणि शिळ्या पावासारखा माझ्या बुटावर पडला.
थेट दुकान गाठलं. माल खराब आहे, म्हणालो. सुगाया आजोबांनी मॅगझीन काढून दोन्ही तळव्यांत धरलं, पिल्लू धरावं तसं, आणि खुर्चीवर पाच मिनिटं बसून राहिले. मग मागच्या अंगणात नेऊन चार बार काढले. चारही डब्यावर.
"माल बरा आहे. मॅगझीन अंगाशी उबदार ठेवा. एक बार, मग श्वास, मग दुसरा. घाई केली की ते गारठतं. आणि हिटरजवळ अजिबात ठेवू नका."
घाई मी करतच नाही.

२५ डिसेंबर, रविवार
मला युक्ती सुचली. अशी युक्ती सुचायला एकवीस वर्षांचा डिस्पॅचचा अनुभव लागतो. खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात ना, हिवाळ्यात हात शेकायच्या? चार पुड्या प्रत्येक मॅगझीनला गुंडाळायच्या. हिटर नव्हे, त्यामुळे आजोबांचा शब्दही मोडत नाही.
काझुए विचारत होती, "पण तुम्हाला नक्की काय सिद्ध करायचंय?"
काही नाही. खेळ आहे.

८ जानेवारी, रविवार
नियम पाठ केले. डोळ्यांवर गॉगल. विश्रांतीच्या जागेत मॅगझीन काढून ठेवायचं. आणि मुख्य नियम: अंगाला छर्रा लागला, की आपणच हात वर करून "हिट!" ओरडायचं आणि बाहेर जायचं. पंचाला छर्रे दिसत नाहीत, सगळं ज्याच्या त्याच्या सचोटीवर. लागूनही न सांगणाऱ्याला झॉम्बी म्हणतात. मेल्यावरही चालत राहतो म्हणून.
असली माणसं कशी असतात कोण जाणे.

२२ जानेवारी, रविवार, सकाळी ९.१५
मैदान. गवतावर दहिवर पांढरं. आम्ही सोळा जण, आठ-आठचे दोन गट; मॅडम आणि इसोबे समोरच्या गटात. मी एकावर एक दोन स्वेटर घातले आहेत. पुड्या मस्त तापल्यात.

सकाळी ९.५०
किरकोळ अडचण. खेळाआधी प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. माझा बार सुटला आणि यंत्र किंचाळलं. मैदानवाला म्हणाला, "काका, हे कायद्याच्या मर्यादेबाहेर जातंय. मॅगझीन काय तव्यावर ठेवलं होतंत?" पुड्या काढायला लावल्या. गार झाल्यावर पुन्हा मोजलं, पास.
सगळ्यांनी पाहिलं. माझं पिस्तूल कायद्यालाही झेपत नाही, हे एक प्रकारे चांगलंच झालं.

सकाळी ११.१०
दोन डाव झाले. मी रिकाम्या पिंपांमागे दबा धरून होतो. एकदाही बाद नाही! दोन्ही डाव शेवटपर्यंत!
मध्येमध्ये पाठीवर टप, टपटप असं वाजत होतं. वरती ओकचं झाड आहे, त्याची फळं पडत असावीत. जानेवारीतही पडतात, हे नव्यानेच कळलं. इसोबे दहा पावलांवरून ओरडला, "काका, लागलं का?" नाही म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि थोड्या वेळाने पुन्हा फळं पडली.
विश्रांतीत चहा घेताना कुजबुज कानावर आली, कुणीतरी झॉम्बी खेळतोय म्हणून. मी मोठ्याने सांगितलं, असल्या माणसाला घरी पाठवलं पाहिजे. सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघू लागले. तोगाशी मॅडमनी थर्मासचं झाकण लावलं. एकूण माझं म्हणणं पटलेलं दिसलं.

दुपारी १२.४०
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
तिसरा डाव. पिंपांमागे मी पालथा. समोरचं झुडूप हललंही नाही आणि तोगाशी मॅडम तिथे उभ्या होत्या. तीन पावलांवर. त्यांची बंदूक माझ्याकडे. मारलं नाही त्यांनी. एवढ्या जवळून मारत नाहीत, आधी शरण या म्हणतात. "नेमोतोसान, थांबायचं का?" म्हणाल्या. हळू आवाजात, ऑफिसात फाईल मागतात तसं.
मी चाप ओढला.
फुस्स.
छर्रा नळीच्या टोकावर आला, थोडा थांबला, खाली पडला. उतार होता. घरंगळत गेला. मी आणि मॅडम दोघंही त्याच्याकडे बघत होतो. वाळक्या पानावरून गेला, एका खड्याला वळसा घातला आणि त्यांच्या बुटाच्या टोकाला जाऊन लागला.
मॅडमनी बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात सरळ वर केला आणि "हिट!" म्हणून अशा ओरडल्या, की रानातले पक्षी उडाले. बंदूक खांद्याला लावून चालू लागल्या.
मी तिथेच पडून राहिलो. माझ्या पाठीवर लगेच दोनदा टपटप झालं. वर बघितलं. झाडावर एकही फळ नव्हतं.
हात वर करणार होतो. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि डाव संपला.

दुपारी १.३०
जेवायला करी-भात. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, "आज मला नेमोतोसाननी टिपलं." टाळ्या. इसोबेने माझा पिस्तुलासकट फोटो काढला. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मॅडमना समोरासमोर बाद केलं म्हणे.
याचसाठी ऑक्टोबरपासून मेहनत घेतली. ताट अर्धं टाकलं. करी तिखट असावी.
पुढच्या डावांना कंबर दुखते म्हणून बसून राहिलो. कंबर दुखत नव्हती.

संध्याकाळी ६.३०
घरी. अंघोळीआधी काझुए पाठ चोळायला आली आणि थांबली.
"अगं बाई. हे काय? लाल लाल गोल." बोट टेकवत मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी म्हणालो, मोजू नकोस. ती मोजतच राहिली. "अकरा! दोन स्वेटरांतून? मग बाहेर किती वेळा गेलात?"
पाणी गार होतंय म्हणालो.
"पाणी आत्ताच तापवलंय," ती म्हणाली. मग मलम घेऊन आली.

२३ जानेवारी, सोमवार
सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मॅडमच्या टेबलापाशी गेलो. त्या ट्रकांच्या कागदांवर शिक्के मारत होत्या. म्हणालो, मॅडम, कालचा छर्रा उडाला नव्हता. घरंगळला होता.
"हो. पाहिला मी."
मग म्हणालो, आणि माझ्या पाठीवर अकरा डाग आहेत.
त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला. "त्यातले सात माझे. बाकीचे इसोबेचे असतील. तो फार जवळून मारतो, सांगते त्याला."
मला विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. मग तुम्ही हिट का म्हणालात?
"लागला म्हणून," त्या म्हणाल्या. आणि ओसाकाच्या ट्रकाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "यावर सही राहिलीय तुमची."
सही केली. जागेवर येऊन बसलो. खुर्चीला पाठ टेकवता येईना, त्यामुळे दिवसभर ताठ बसून काम केलं. निघताना इसोबे म्हणाला, "आज फार रुबाबात बसला होतात, काका."
दुखतंय, म्हणालो.