सात नंबरची जागा आणि मनोऱ्याची किल्ली

७, शोअर वाइंड,
पिटनहेव्हन,
२८ ऑगस्ट

चि. लॅक्लन यास,

काल सकाळी सव्वानऊ वाजता एका अनोळखी जर्मन गृहस्थाने माझ्या न्हाणीघराचं दार उघडलं, "सुंदर!" म्हटलं आणि फोटो काढला. मी आत होते. म्हणून हे पत्र. (दात घासत होते. तुझ्या मनात दुसरं काही आलं असेल तर ते काढून टाक.)

आशीर्वाद घे. तुझी पाठ कशी आहे? मोरागचा खोकला गेला का? गेला नसेल तर तिला म्हणावं, ती शहरी औषधं पुरेत, इकडे ये आणि आठवडाभर धक्क्यावर वाऱ्यात चाल. माझी प्रकृती उत्तम आहे. रागाने माणूस मरत असता तर तुम्हाला जूनमध्येच काळे कपडे इस्त्रीला द्यावे लागले असते.

आता तुझ्या पत्रकाबद्दल. गावातली पाहण्याजोगी ठिकाणं एका कागदावर छापायची असं गावच्या समितीत ठरलं, तेव्हा "माझा भाऊ डंडीला छपाईचं काम करतो, नीट करून देईल" असं हात वर करून सांगणारी बाई मी होते. तो हात मी आजही अधूनमधून रागाने बघते. मी तुला स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं: "सात. धक्क्यावरचा जुना मनोरा. किल्ली शेजारी, शोअर वाइंड सात, मिस टार्विट यांच्याकडे मिळेल." आपल्या आजीपासून किल्ली आपल्या दाराआड आहे. आलेल्याने दार वाजवायचं, किल्ली न्यायची, वर जाऊन यायचं, किल्ली परत द्यायची. यात न कळण्यासारखं काय आहे? पण तुला पफिन पक्ष्याचं चित्र मोठं हवं होतं. (पिटनहेव्हनमध्ये पफिन नाहीत. बेटावर आहेत. तू इथे जन्मलास.) पक्ष्याला जागा करायला तू मजकूर कापलास, आणि उरलं काय? एकमध्ये किल्ला, दोनमध्ये मठाचे अवशेष, तीनमध्ये मासेमारीचं संग्रहालय, चारमध्ये धक्का, पाचमध्ये शेवंडांची (लॉबस्टरची) पैदास, सहामध्ये जुनं मिठागर, आणि "सात. शोअर वाइंड सात, मिस टार्विट." म्हणजे शेवंडांनंतर मी.

लोक आले. दार वाजवत नाहीत, कारण किल्ल्याचं दार कोण वाजवतं? यॉर्कशरचं एक जोडपं सरळ जिना चढून माझ्या पलंगावर बसलं आणि गादी कशाची आहे यावर त्यांचं भांडण झालं. एका बाईंनी माझ्या ओटच्या लापशीत चमचा घालून "त्या काळी मीठ फार खायचे" असं नवऱ्याला समजावलं. त्या काळी म्हणजे त्याच दिवशी सकाळी. ग्लासगोच्या दोघी बहिणी आल्या तेव्हा मी खिडकीशी डोळे मिटून रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकत होते. संग्रहालयात मेणाच्या कोळिणी बघून आलेल्या त्या. धाकटीने माझ्या गालाला बोट लावलं आणि म्हणाली, "अगं बघ तरी, किती हुबेहूब केलंय! सुरकुत्या बघ!" थोरली म्हणाली, "नाक जरा जास्तच झालंय." त्यावर मी त्यांना बसा म्हटलं. धाकटीला पाणी द्यावं लागलं.

आणि हे लोक घरी जाऊन इंटरनेटवर अभिप्राय लिहितात. ग्रंथालयातल्या बाईंनी मला मुद्दाम छापून आणून दिला. "जागा क्रमांक सात: घर अस्सल, बाई तुसडी. दोन तारे." किल्ल्याला चार तारे आहेत, लॅक्लन. किल्ल्याला छप्परसुद्धा नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण जुलैच्या सभेत मिस्टर बिरेल उभे राहिले. (हे समितीचे अध्यक्ष. निवृत्त दंतवैद्य, एडिनबराहून येऊन तीन वर्षं झाली. गुडघ्यांमुळे मनोऱ्यावर एकदाही गेलेले नाहीत, पण मनोऱ्याविषयी बोलायला त्यांना गुडघे लागत नाहीत.) त्यांनी मनोऱ्यावरच्या वहीचा हिशेब वाचला. वर चढलेल्या माणसाने वहीत सही करायची असते, आणि एप्रिलपासून सह्या झाल्या होत्या नऊ. साहजिक आहे, उरलेलं जग माझ्या स्वयंपाकघरात होतं. ठराव झाला की तीस सप्टेंबरपर्यंत तीनशे सह्या झाल्या नाहीत तर जिना धोक्याचा समजून खालचं दार विटांनी कायमचं बुजवायचं.

वरच्या खिडकीच्या दगडावर काय आहे ते बिरेलना ठाऊक नाही, तुला आहे. आपल्या माणसाची बोट परत येताना दिसली की बायका दगडावर रेघ ओढायच्या. आईच्या चौदा रेघा आहेत. पंधरावी अर्धी आहे, कारण दिसलेली बोट दुसऱ्याची निघाली. त्या दगडाची वाट कोणी विटांनी बुजवणार असेल तर त्याने आधी माझ्याशी बोलावं.

सभेतून घरी आले आणि पद्धत बदलली. आता जो आत येतो त्याची टोपी मी काढून घेते. "घर बघायचंय? बघा. पण आधी मनोरा. एकशे चौदा पायऱ्या. वर सही करा, मग खाली चहा आणि लोणी लावलेले ताजे स्कोन. टोपी तेव्हाच मिळेल." कोणी कुरकुरलं तर मी चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढते. त्या ग्लासगोच्या बहिणी पुन्हा आल्या, दोन मावश्यांना घेऊन. थोरली धापा टाकत खाली आली आणि म्हणाली, "मिस टार्विट, तुम्ही मेणाच्याच बऱ्या होतात हो!" पण दगडावरच्या रेघा बघून धाकटी रडली होती, ते तिच्या डोळ्यांवरून मला कळलं, म्हणून तिला लोणी जास्त दिलं. काल संध्याकाळपर्यंत सह्या दोनशे एकसष्ट. त्या जर्मन गृहस्थाला तर मी दात घासून होताच हातातल्या ओल्या टॉवेलनिशी वर पिटाळलं. सही छान आहे त्याची.

आज सकाळी बिरेल दारात. म्हणे किल्ली द्या, दार काढून विटा रचायला गवंडी मंगळवारी मोकळा आहे. मी म्हटलं, ठरावात तीस सप्टेंबर लिहिलंय. म्हणाले, "मिस टार्विट, चहाच्या लालचीने घेतलेल्या सह्या धरता येत नाहीत." मी म्हटलं, "चहा माझा होता, पाय त्यांचेच होते." त्यावर त्यांनी रुग्णाचा दात उपटण्याआधी काढत असतील तसला मऊ आवाज काढला. "उगाच त्रास करून घेऊ नका हो. एक किल्ली तर द्यायची." आणि दारामागे खिळ्यावर लटकलेल्या जुन्या किल्लीकडे स्वतःच बोट दाखवलं. "हीच ना?" मी ती खिळ्यावरून उतरवून हातात दिली. पावती मात्र लिहून घेतली.

तेव्हा तू तातडीने इतकं कर: तो कागद रद्द कर, पफिन उडवून लाव, आणि माझं नाव, माझं घर आणि माझं न्हाणीघर या गावाच्या प्रेक्षणीय स्थळांतून काढून टाक. तोपर्यंत मला तोंड दाखवू नकोस.

तुझी थोरली बहीण,
ग्रिझेल

ता. क. कागद रद्द करू नकोस. आणखी दोन गठ्ठे पाठव, शुक्रवारच्या आत. एकोणचाळीस सह्या राहिल्यात आणि सप्टेंबरात इंग्लंडच्या शाळा उघडल्या की गर्दी ओसरते. जमलं तर सातच्या पुढे "स्कोन मिळतील" एवढं घाल. पफिन राहू दे, लोकांना आवडतो.

ता. क. २. मनोऱ्याची किल्ली जुलैपासून माझ्या ॲप्रनच्या खिशात असते. दिवसातून दहादा लागते, खिळ्यावर कोण अडकवणार? खिळ्यावर परसातल्या कोळशाच्या खोलीची आहे. आई तुला जिथे कोंडायची ती. कुलपात घालून बघायचं सोडून बिरेल सोमवारी डंडीला येताहेत आणि तुला ती दाखवून खात्री करून घेणार आहेत. तू ती हातात घे, जरा गंभीर हो आणि म्हण, "तीन पिढ्या आमच्या घरात आहे." पुढे एक अक्षर नको. हे खोटं नाही. मंगळवारी दार उघडलं नाही की गवंडी पर्थच्या कामावर जाईल, तो ऑक्टोबरशिवाय परत येत नाही. मला तेवढाच वेळ हवा आहे. एवढं केलंस तर पत्रकाचं मी विसरेन. पावतीची नक्कल खाली जोडते, म्हणजे तुझ्या बोलण्यात आणि कागदात फरक पडायचा नाही.

पावती
२८ ऑगस्ट, सकाळी अकरा. शोअर वाइंड ७ येथे, स्वयंपाकघराच्या दारामागील खिळ्यावरून श्री. बिरेल यांनी स्वतः ओळखून मागितल्यावरून दिलेली: जुनी लोखंडी किल्ली, एक. लांबी सात इंच. दोरीसह.
स्थिती: मजबूत, काळवंडलेली. हात लावल्यास काळं लागतं. काळेपणा फार प्राचीन असल्याचं घेणाऱ्याचं मत.
देणार: ग्रिझेल टार्विट. घेणार: एच. बिरेल (सहीशेजारी अंगठ्याचा काळा ठसा).