कल्पेशच्या वाट्याचा रोट

नरोली, ५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईंना,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

खोली एकच आणि तुमच्या लेकाचे कान तिखट, फोनवर मोकळं बोलता येत नाही. म्हणून गावी निघालेल्या ललितभाऊंच्या हाती ही चिठ्ठी. यांची दुसरी किमो झाली. केस गेले, चेष्टा गेली नाही. म्हणतात, आता कंगवा तुलाच आंदण.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रक्तातल्या लढणाऱ्या पेशी नावालाच उरल्यात, साधा जंतूही जिवावर बेतेल. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून रोज गोळी, ताजं गरम अन्न, आणि भेटायला कुणी नको. ताप आला तर घरी गोळी न घेता तडक दवाखाना. म्हणून आई, कानबाईच्या नैवेद्याचा गव्हाचा रोट यंदा यांना नको. प्रसाद झाला तरी इथे पोचेपर्यंत शिळा तो शिळाच. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची सून,
दुर्गा

शिरपूर, १२ ऑगस्ट

चि. सौ. दुर्गास, अ. उ. आ.

आजारी माणसाला बघायला जाऊ नये, हे या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. गल्लीत बाया विचारतात, कमळाबाई, लेकाकडे नाही गेलीस? काय सांगू, सुनेने दार लावलं म्हणून?

रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने घेतात, तुला माहीत आहे. कल्पेशचं नाव वगळायला माझा हात धजला नाही. त्याचा वाटा भाऊबंदांबाहेर जात नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवावाच लागतो. ललितसोबत पाठवते. कणभर त्याच्या जिभेला लाव. देवीच्या प्रसादाने कुणाचं वाईट झालंय का? तुझ्यावर राग नाही गं, पण जीव थाऱ्यावर नाही. तूही दोन घास जेवत जा.

तुझी सासू,
कमळाबाई

सिल्वासा, २१ ऑगस्ट

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

यांना दवाखान्यात ठेवल्याचं ललितभाऊंनी कळवलंच. त्यांनी न सांगितलेलं लिहिते. रोट मी वर झाकून ठेवला होता. मीही याच कुळातली, मीच खाऊन संपवणार होते. मी पाणी भरायला गेले तेव्हा यांनी खाल्ला. पुढे थंडी वाजली. कारखान्यात ताप असला की गोळी गिळून पाळीला उभं राहायची सवय, तेच केलं. अंग गार लागलं, मी फसले. सकाळी उठवता उठेनात.

रक्तात जंतू पसरलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोटाने झालं की आणखी कशाने, सांगता येणार नाही. पण ताप लपवण्यात मोलाचा वेळ गेला. शुद्धीवर आल्यावर, का लपवलात, विचारलं. म्हणाले, तू रोटाला बोल लावला असतास आणि आईला ते जन्मभर टोचत राहिलं असतं.

तुम्हाला सांगू नको अशी शपथ घातली होती. मी मोडली. एकटीच्या पोटात हे मावत नाही. सलाइनमधून औषध चालू आहे, ताप उतरतो, पुन्हा चढतो. आई, मला तुमचा फार राग येतो आणि तुमचीच आठवण येते. तरीही आशीर्वाद द्या.

दुर्गा

शिरपूर, २५ ऑगस्ट

चि. सौ. दुर्गास, अ. उ. आ.

रागाव बाई, तुझा हक्क आहे. काल ताप चढला नाही असं ललित म्हणाला, तेव्हा कुठे पाणी प्याले.

मी पिशवी भरून स्टँडवर गेले होते. गाडी लागली आणि मला खोकल्याची उबळ आली. खोकला आठवडाभर येतोय, मी लक्षच दिलं नव्हतं. गाडी गेली, मी परत आले.

पोराला पोटाशी धरायला जीव तुटतो. उद्या राहवलं नाही तर निघेनही, माझा मलाच भरवसा नाही. तुमच्या दारात उभी राहिले, रडले, शिव्या दिल्या, देवीची आण घातली, तरी दुर्गा, दार उघडू नकोस.

तुझी,
कमळाबाई