सात दिवस न शिवता

सोमवार, ३ ऑगस्ट

सुट्टी मंजूर! इस्पितळाच्या शवागाराचे साहेब बघतच राहिले. "अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मावशी! कुठे निघालात?" कुठेच नाही म्हटलं. घरी बसायला.

खरं कसं सांगणार? नात महिन्याची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही. विहीणबाईंनी तोंडावरच सांगितलं — "मढ्यांना आंघोळ घालणारे हात बाळाला नकोत. शास्त्रात आहे." आहेच! बायबलातल्या गणनाच्या पुस्तकात काढून पाहिलं. प्रेताला शिवला तो सात दिवस अशुद्ध, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाण्यानं शुद्ध व्हायचं. मी तर रोज दोन-तीन जणांना शिवते. म्हणजे या जन्मात काही शुद्ध होत नाही मी!

लेकीनंच मार्ग काढला. "सात दिवस कामावर जाऊ नकोस, आई. रविवारी बाप्तिस्मा. बाळ तुझ्याकडेच देते."

मंगळवार, ४

घर खायला उठतं. कामावर निदान मी तरी बोलते — "काकू, मान जरा वळवते हं." उत्तर येत नाही, एवढंच.

बुधवार, ५

तिसरा दिवस. डोक्यावरून आंघोळ केली. चर्चमध्ये जाऊन पवित्र पाणी कपाळाला लावलं. फादरना सगळं सांगितलं तर हसले. "प्रभूनं याईराच्या मुलीचा हात धरला, तेव्हा ती मेलेलीच होती ना? त्यानं दिवस मोजले का?" पटलं हो फादर, पण विहीणबाईंना कोण सांगणार? "मी बोलू?" नको म्हटलं. लेकीला तिथेच नांदायचंय.

गुरुवार, ६

टोपडं विणून झालं. उसवलं, पुन्हा विणलं. दुसरं काय करू?

शनिवार, ८

घात केला मी.

दुपारी इस्पितळातून सिस्टरचा फोन. "मावशी, एक म्हातारी आहे. नाव नाही, नातलग नाही. चारला पुरायला नेतील. बदलीवाली नुसती चादर गुंडाळून मोकळी झाली हो." जमणार नाही म्हटलं. फोन ठेवला, जेवायला बसले. ताट तसंच झाकून ठेवलं.

गेले. नखांत माती, केसांच्या जटा झालेल्या. सगळं नीट केलं. बारीक वेणी घातली.

मग लेकीला खरं सांगितलं. लपवता आलं असतं! ती रडायलाच लागली. "एकच दिवस राहिला होता गं, आई!" येऊ नकोस म्हणाली नाही. ये असंही म्हणाली नाही.

रविवार, ९

चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. बाळ विहीणबाईंच्या हातात. डोक्यावर पाणी पडलं तशी केवढ्यानं रडली पोर! मिस्सा संपायच्या आत निघाले. घरी येऊन मीही रडून घेतलं. फार एकटं वाटतंय.

सोमवार, १०

सकाळी दार वाजलं. विहीणबाई! एकट्याच, बाळाला घेऊन. लेकीनं त्यांना म्हातारीचं सांगितलं म्हणे. उंबऱ्यातच बोलायला लागल्या — "माझी आई परगावी वारली. बेवारस म्हणून पुरली तिला. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. तिला आंघोळ तरी कोणी घातली का, आजवर माहीत नाही मला."

मी हात धुवायला आत वळले.

"राहू द्या," म्हणाल्या, आणि बाळ माझ्याकडे दिलं.